आम्लपित्त: उपाय सकाळी शोधू नका, आदल्या रात्रीपासून सुरुवात करा

छातीत जळजळ, घशाशी येणारं आंबट-कडू पाणी, करपट ढेकर. यावर काय करता असं विचारलं की बहुतेकांची यादी तयार असते. उठल्यावर जिऱ्याचं पाणी, दुपारी कोकम सरबत, रात्री थंड दूध आणि अडीनडीला चिमूटभर सोडा. मग विचारायचं, रात्री जेवता किती वाजता? "साडेदहा." आणि आडवे कधी होता? "अकरा, सव्वाअकरा."

या माणसाला जगातलं कुठलंही चूर्ण पुरं पडणार नाही. आयुर्वेदात औषधाच्या आधी निदानपरिवर्जन येतं, म्हणजे ज्या कारणामुळे त्रास होतो ते आधी बाजूला काढणं. आपण नेमकं उलटं करतो. उपाय आधी सुरू होतो आणि कारण तसंच राहतं. म्हणून खालच्या पायऱ्या दिल्या त्याच क्रमाने करा. घरगुती उपाय मुद्दाम सातव्या पायरीवर ठेवले आहेत, थेट तिथे उडी मारू नका. सगळं मिळून सहा-सात आठवडे लागतात.

## सुरुवातीआधी: तुमचं "पित्त" नक्की कोणतं?

मराठीत "पित्त झालंय" हे एकच वाक्य किमान चार वेगळ्या त्रासांसाठी वापरलं जातं.

छातीत-घशात जळजळ, आंबट पाणी वर येणं, जेवणानंतर किंवा वाकल्यावर त्रास वाढणं, हे आम्लपित्त. हा लेख त्याच्यापुरताच आहे.

अंगावर लाल गांधी उठणं, खाज सुटणं, हे अंगावरचं पित्त. आमसुलाचं पाणी लावण्याचा उपाय त्यासाठीचा आहे. त्या पित्तावर आमसूल चालतं म्हणून या पित्तावरही चालेल असा हिशेब घरोघरी केला जातो आणि तो चुकतो.

अर्धं डोकं ठणकणं, उजेड सहन न होणं, उलटी झाली की बरं वाटणं, ही बहुतेक वेळा अर्धशिशी असते. जेवण चुकलं, ऊन लागलं, जागरण झालं की ती उठते. तिला पित्ताचं नाव पडलं की वर्षानुवर्षं उपचार चुकीच्या जागी होत राहतात.

जेवणानंतर, विशेषतः तेलकट जेवणानंतर, उजव्या बरगडीखाली कळ येऊन ती पाठीत किंवा खांद्यात जात असेल तर पित्ताशयातल्या खड्यांची शंका घ्यावी लागते. त्यासाठी सोनोग्राफी हवी, पथ्याने ते कळणार नाही.

थांबा आणि आधी डॉक्टरकडे जा: घास गिळताना अडकणं किंवा दुखणं, विनाकारण वजन उतरणं, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसणं, डांबरासारखी काळी चिकट शौचाला होणं (लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्यानेही रंग काळपट होतो, पण ठरवायचं डॉक्टरने), सततच्या उलट्या, रक्त कमी होणं, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली जळजळ. यात घरचे प्रयोग करत बसू नका.

याहून तातडीचं: छातीत दाब किंवा जळजळ आणि सोबत घाम, धाप, जबड्यात किंवा डाव्या हातात जाणारी कळ. जिना चढताना छातीत जळतं आणि थांबल्यावर कमी होतं, हेही त्यातच धरा. मधुमेहींमध्ये आणि बायकांमध्ये हृदयविकाराचा झटका नुसत्या "पित्तासारखा" वाटू शकतो. सोडा पिऊन वाट बघू नका, १०८ ला फोन करा.

## पायरी १: एक आठवडा काहीही बदलू नका, फक्त लिहा

सगळ्यांना कंटाळवाणी वाटणारी हीच पायरी आहे, पण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. साधी वही घ्या आणि रोज पाच गोष्टी लिहा:

१. शेवटचा घास किती वाजता खाल्ला (नुसतं "रात्रीचं जेवण" असं लिहू नका. जेवणानंतर टीव्हीसमोर खाल्लेली मूठभर शेवही घास असते).
२. आडवं कधी झालात.
३. चहा-कॉफी किती वेळा आणि त्याआधी पोटात काय होतं.
४. जळजळ कधी झाली आणि तेव्हा तुम्ही काय करत होतात. बसला होतात, वाकून लादी पुसत होतात, झोपला होतात की गाडी चालवत होतात?
५. त्या दिवशी घेतलेली प्रत्येक गोळी.

पाचवा मुद्दा बहुतेकजण गाळतात. गुडघेदुखी-डोकेदुखीसाठी घेतलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यांसारख्या गोळ्या जठराच्या अस्तराला त्रास देतात. लोहाच्या गोळ्या आणि काही प्रतिजैविकं घोटभर पाण्याबरोबर घेऊन लगेच झोपलं तर गोळी अन्ननलिकेतच चिकटून तिथे भाजल्यासारखं होतं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही जठराच्या तोंडाशी असलेली झडप सैल पडते.

चूक टाळा: हे वाचून चालू गोळी स्वतःहून बंद करू नका, हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिन तर मुळीच नाही. वही डॉक्टरला दाखवा. तोवर प्रत्येक गोळी पेलाभर पाण्यासोबत घ्या आणि त्यानंतर अर्धा तास आडवं होऊ नका.

## पायरी २: रात्रीच्या जेवणाची वेळ हलवा, पदार्थ नंतर

अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंची एक झडप असते. जठर भरलेलं असताना आपण आडवे झालो की आत जमलेलं आम्ल थेट त्या झडपेशी येतं. ती जरा सैल असली की घशाशी आलंच. उभं असताना निदान गुरुत्वाकर्षण तरी आपल्या बाजूने असतं.

नियम एकच: शेवटचा घास आणि आडवं होणं यात पूर्ण तीन तास. घड्याळात किती वाजले याला महत्त्व नाही. रात्रपाळी करून सकाळी आठला झोपणाऱ्याने पहाटे पाचपर्यंत खाणं संपवायचं. "सूर्यास्ताआधी जेवा" हा सल्ला ज्यांना जमतो त्यांच्यासाठी छानच आहे, पण बदलापूरला लोकलमधून साडेनऊला उतरणाऱ्या माणसाला तो सांगणं म्हणजे थट्टा आहे.

अशा माणसासाठी जेवण दोन भागांत तोडा. खरं जेवण म्हणजे पोळी-भाजी, संध्याकाळी सहा-साडेसहाला ऑफिसातच करा. त्यासाठी सकाळी डब्याचा एक कप्पा वाढवावा लागतो, एवढंच. घरी आल्यावर फक्त वाटीभर मऊ पदार्थ घ्यायचा: मुगाचं कढण, तांदळाची पेज किंवा आसट वरण-भात. सगळ्यांबरोबर पानावर बसल्याचं समाधान मिळतं आणि पोटही जड राहत नाही. सुरुवातीला घरच्यांची भुणभुण ऐकावी लागेल. "एवढंसंच जेवलास?" याला उत्तर तयार ठेवा.

रात्रीसाठी सगळ्यात भरवशाचा पदार्थ म्हणजे मुगाच्या डाळीची आसट खिचडी. एक वाटी जुना तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, सहा वाट्या पाणी. चमचाभर तुपात जिरं, चिमूट हिंग, हळद, थोडी धणेपूड आणि चवीपुरतं मीठ. लसूण, हिरवी मिरची, टोमॅटो काही नको. वरून अर्धा चमचा तूप पुरे. खिचडीत तुपाची धार सोडायची सवय इथे आड येते, कारण फार स्निग्ध जेवण जठरात जास्त वेळ रेंगाळतं. सोबत पापड-लोणचं आलं तर खिचडीने साधलेलं सगळं फुकट गेलं म्हणून समजा.

तपासा: झोपायच्या वेळी पोटावर हात ठेवून बघा. पोट ताणलेलं, टम्म वाटलं तर अंतर किंवा मात्रा चुकली आहे.

## पायरी ३: अर्धं पोट, आणि जेवणावर जेवण बंद

अष्टांगहृदयात पोटाचे चार भाग कल्पिले आहेत: दोन अन्नाला, एक पाण्याला, एक मोकळा. हा मोकळा भाग वाचायला तत्त्वज्ञान वाटतो, पण त्याचं काम अगदी यांत्रिक आहे. जठर ठासून भरलं की आतला दाब वाढतो आणि झडप उघडते.

व्यवहारात हे असं करा. नेहमी तीन पोळ्या खात असाल तर दोन वाढून घ्या आणि पातेलं टेबलावरून उठवून ओट्यावर नेऊन ठेवा. तिसरी हवी असेल तर उठावं लागेल, आणि दहापैकी आठ वेळा तुम्ही उठणार नाही. जेवताना पाणी घोट-घोट प्या. जेवण झाल्यावर तांब्याभर पाणी रिचवू नका.

दुसरी गोष्ट अध्यशन. आधीचं पचलं नसताना त्यावर पुन्हा खाणं याला आयुर्वेदाने वेगळं नाव दिलं आहे ते उगीच नाही. जेवणानंतर तासाभरात ऑफिसात कुणाच्या वाढदिवसाचा केक, चारला चहा-बिस्किटं, पाचला भेळ, घरी आल्यावर "काहीतरी तोंडात". आधीचं पचल्याच्या खुणा सोप्या आहेत: ढेकर स्वच्छ येते (तिला आधीच्या जेवणाचा वास-चव नसते), अंग हलकं वाटतं, खरी भूक आणि तहान लागते. दुपारी चारला सकाळच्या भाजीची ढेकर येत असेल तर समोरचा बटाटेवडा कितीही गरम असो, थांबा.

उलटी चूक: "पित्त होतं म्हणून खातच नाही" असं करून दिवसभर उपाशी राहायचं आणि रात्री भसाभसा जेवायचं. यापेक्षा तीन वेळा बेताचं खाणं केव्हाही बरं.

जाता जाता, पँटचा पट्टा, परकराची किंवा सलवारीची नाडी बसल्यावर पोटात रुतत असेल तर सैल करा. पोटाचा घेर वाढलेला असेल तर वजन चार-पाच किलोंनी उतरवल्यावर जो फरक पडतो तो बाकी कशाने पडत नाही.

## पायरी ४: जेवणानंतरचा अर्धा तास आणि झोपायची जागा

शतपावली हा शब्द आपल्याकडे आहे, पण ती घालणारे कमी उरले. शंभर पावलं मोजत बसू नका, रमतगमत दहा मिनिटं चाला. भरभर चालणं, धावणं, जेवल्यावर लगेच भांडी घासायला किंवा लादी पुसायला वाकणं नको. वाकायची कामं जेवणाआधी उरका किंवा घरातल्या दुसऱ्या कुणावर सोपवा. जेवण बायकोने करायचं, वाढायचं आणि मग तिनेच वाकून ओटा-मोरी आवरायची, असं असेल तर तिची जळजळ कुठल्याही पथ्याने पूर्ण थांबणार नाही.

दुपारची वामकुक्षी? शब्दातच डावी कूस आहे, आणि ती बरोबर आहे. डाव्या कुशीवर झोपलं की जठराची पिशवी झडपेच्या खाली राहते, उजव्या कुशीवर ती झडपेच्या वर येते. पण वामकुक्षी म्हणजे पंधरा-वीस मिनिटं टेकणं. पंखा लावून दोन तास घोरणं ही दिवास्वाप झाली, आणि उन्हाळा सोडून इतर ऋतूंत आयुर्वेदाने निरोगी माणसाला ती नाकारली आहे. ज्यांना हमखास जळजळतं त्यांनी दुपारी आडवं न होता खुर्चीत मागे रेलून बसावं.

आता पलंग. रात्री दोन-तीनला घशाशी आंबट येऊन जाग येत असेल, पहाटे कोरडा खोकला येत असेल किंवा सकाळी आवाज बसलेला असेल, तर ही पायरी तुमच्यासाठी सगळ्यात मोलाची आहे.

१. पलंगाच्या डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली विटा लावा. आडवी ठेवलेली वीट साधारण तीन इंच उंच असते, म्हणजे प्रत्येक पायाखाली दोन विटा, सहा इंच.
२. दोन विटांच्या मध्ये आणि फरशीवर जुन्या सतरंजीचा तुकडा घाला. मी पहिल्यांदा तो घातला नव्हता. रात्री कूस बदलताना वरची वीट अर्धा इंच सरकली आणि सगळं घर उठलं.
३. चारही बाजूंनी पलंग हलवून बघा. डुगडुगत असेल तर विटा सोडा, सुताराकडून खळगा असलेले लाकडी ठोकळे करून घ्या.
४. लोखंडी कॉट किंवा जमिनीवर गादी असेल तर कमरेपासून वर उतार येईल अशी फोमची तिरपी पाचर मिळते. नाहीतर दोन जाड सतरंज्या पायऱ्यांसारख्या घड्या घालून गादीखाली सरकवा.

सर्रास होणारी चूक: तीन उशा. उशांनी फक्त मान वर येते आणि शरीर पोटाशी दुमडतं, त्यामुळे दाब उलट वाढतो. उतार कमरेपासून हवा.

तपासा (तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी): पहिल्या आठवड्याची वही आणि आत्ताची वही शेजारी ठेवा. रात्रीची जळजळ निम्म्यावर आली का? आली असेल तर पुढे जा. नसेल तर पुढे जाऊ नका. शेवटच्या घासाची खरी वेळ पुन्हा तपासा, कारण गडबड बहुतेकदा तिथेच सापडते. वेळ पाळूनही फरक नसेल तर डॉक्टर किंवा वैद्य गाठा.

## पायरी ५: सकाळचा चहा आणि झडप सैल करणारी मंडळी

चहा सोडा असं मी म्हणणार नाही, म्हटलं तरी तुम्ही ऐकणार नाही. फक्त त्याची जागा बदला. उठल्याउठल्या रिकाम्या पोटी घेतलेला चहा नाश्त्यानंतर न्या. आधी रात्री भिजवलेल्या आठ-दहा काळ्या मनुका किंवा अर्धी पोळी, मग नाश्ता, मग अर्धा कप.

दिवसात पाच-सहा चहा होत असतील तर दर तीन-चार दिवसांनी एक कमी करा. एकदम बंद केला तर दुसऱ्या दिवशी डोकं ठणकतं, ते कॅफीन तुटल्यामुळे. लोकांना वाटतं पित्त उसळलं, म्हणून परत चहा घेतात, डोकं थांबतं, आणि "चहानेच माझं पित्त बसतं" हा सिद्धांत पक्का होतो.

तंबाखू, मावा, सिगारेट आणि मिशरी. निकोटिनने झडप सैल पडते. मिशरी "फक्त दाताला" लावणाऱ्या बायकांच्याही पोटात ती लाळेबरोबर जातेच. दारूचंही तेच. यात कमी-जास्तीचा सल्ला देण्यात अर्थ नाही, या सोडायच्याच आहेत.

पुदिना ऐकून आश्चर्य वाटेल. तोंडाला थंड वाटतो म्हणून जळजळीवर पुदिन्याच्या गोळ्या चघळणारे खूप आहेत, पण पेपरमिंटने झडप ढिली पडते. चॉकलेटनेही.

## पायरी ६: ताटात काय बदलायचं

आता कुठे पदार्थांची पाळी आली. एकदम पन्नास गोष्टी वर्ज्य करू नका, दोन आठवडे टिकत नाही. आधी फोडणी बदला, कारण ती रोजच्या प्रत्येक भाजीत असते. तेल निम्मं करा. लाल तिखटाऐवजी धणे-जिरेपूड घाला, लसूण-मिरचीचं वाटण बंद करा. टोमॅटो आपल्याकडे आता आमटीपासून उसळीपर्यंत सगळ्यात पडतो, तो दोन आठवडे काढून बघा. कित्येकांचा निम्मा प्रश्न एवढ्यावर सुटतो.

हे वाढवा: जुना तांदूळ, गहू, जव, ज्वारी, मूग. दुधी, पडवळ, दोडका, घोसाळी, कोहळा, लाल भोपळा, चाकवत, केळफूल. कारलंसुद्धा, फक्त त्यात चिंच-गूळ नको. आयुर्वेदाच्या दृष्टीने कडू रस पित्त कमी करतो, म्हणून कारलं बघून नाक मुरडू नका.

हे थांबवा: तर्री, ठेचा, खर्डा, फरसाण, लोणचं, कच्चा कांदा, चिंचेची आमटी, उडीद जास्त असलेले आंबवलेले पदार्थ, बेकरीचा पाव, रात्रीचं दही. कोकणातल्या वाचकांसाठी एक वाईट बातमी: कुळीथ उष्ण आणि पित्त वाढवणारा आहे. पावसाळ्यातलं कुळथाचं पिठलं काही आठवडे बाजूला ठेवा.

आंबटाचा गोंधळ: सगळं आंबट पित्त वाढवतं, अपवाद डाळिंब आणि आवळा, असं चरकसंहिता सांगते. या दोनांत कोकम नाही, लिंबू नाही, चिंचही नाही. सोलकढीत तर कोकम, लसूण, मिरची आणि नारळाचं दाट दूध असं चौघांचं संमेलन भरतं. आवळ्याचं लोणचं मात्र आवळ्यात मोजू नका, ते लोणचंच.

ताकावरून घराघरांत वाद आहेत. माझं मत: ताजं, गोडसर, लोणी काढलेलं, पातळ ताक दुपारी अर्धी वाटी घेऊन बघा आणि वहीला विचारा. फ्रिजमधलं दोन दिवसांचं आंबट ताक नको.

पाणी: उकळून निवलेलं पाणी पित्ताला हितकर मानलं आहे, पण ते त्याच दिवशी संपवायचं, रात्र उलटलेलं प्यायचं नाही. उठल्यावर लिटरभर कोमट पाण्यात लिंबू-मध हा प्रकार या मंडळींसाठी नाहीच. रिकाम्या पोटी लिंबू जळजळ वाढवतं, आणि मध गरम करू नये हे आयुर्वेदाचं म्हणणं स्पष्ट आहे.

## पायरी ७: घरगुती उपाय (आता, आणि एका वेळी एकच)

धण्याचा हिम. दोन चमचे धणे खलबत्त्यात भरड कुटा. भरडच, पीठ नको, नाहीतर गाळताना गाळणी तुंबते. कपभर उकळून निवलेल्या पाण्यात घालून झाकून रात्रभर ठेवा. शिळ्या पाण्याच्या नियमाला हा अपवाद आहे, हिम करायची रीतच ती. सकाळी बोटांनी चांगलं कुस्करून गाळा, पाणी फिकट पिवळसर दिसेल. थोडी खडीसाखर घालून घोट-घोट घ्या. मधुमेह असेल तर साखरेशिवाय. उकळू नका, उकळलं की तो काढा झाला.

साळीच्या लाह्यांचं पाणी. लक्ष्मीपूजनाला आणलेल्या आणि मग डब्यात पडून राहिलेल्या लाह्या याच. मूठभर लाह्या दोन कप पाण्यात भिजवून तासाभराने कुस्करून गाळा. मळमळ असेल आणि काहीच खाववत नसेल अशा दिवशी हा सगळ्यात हलका आहार आहे. कुरमुरे म्हणजे लाह्या नव्हेत, त्यांत मीठ असतं.

ज्येष्ठमध घशाला बरं वाटवतं, पण आठवडेच्या आठवडे घेतलं तर रक्तदाब वाढतो आणि शरीरातलं पोटॅशियम घटतं. रक्तदाब, हृदय, मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी स्वतःहून घेऊ नये.

अविपत्तिकर चूर्ण अनेक घरांत चहासाखरेसारखं वापरतात. त्यात निशोत्तर भरपूर असतं आणि ते रेचक आहे. सकाळी पोट साफ झाल्याने जे हलकं वाटतं त्यालाच लोक पित्त गेलं समजतात. गरोदरपणात आणि जुलाब होत असताना नको. सूतशेखर तर सल्ल्याशिवाय हातात घेऊ नका. त्यात शुद्ध केलेला पारा, गंधक, बचनाग असे घटक असतात, मात्रा वैद्यानेच ठरवायची. शेजारच्या काकूंना लागू पडलं हे कारण पुरेसं नाही.

या चार चुका थांबवा:

*घशात बोटं घालून "पित्त पाडणं".* मीठपाणी पिऊन उलटी काढली की मोकळं वाटतं, पण दर वेळी आम्लाने अन्ननलिका आणि दात धुतले जातात. शास्त्रातलं वमन ही वैद्याच्या देखरेखीखाली, आधीच्या-नंतरच्या पथ्यासह करायची गोष्ट आहे. ती मोरीत उभं राहून होत नाही.

*रोज सोडा.* तात्पुरतं शमतं, पण त्यातलं सोडियम रक्तदाबवाल्यांना महागात पडतं.

*झोपताना थंड दूध.* पहिली वीस मिनिटं छान. नंतर दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला आणखी आम्ल करायला लावतात, शिवाय तीन तासांचा नियम मोडतो. दूध घ्यायचंच तर दिवसा, कोमट, अर्धा कप.

*जेवल्यावर योगासनं.* वज्रासनात बसा, एवढंच. कपालभाती, पश्चिमोत्तानासन, सर्वांगासन भरल्या पोटी नाही. सकाळी रिकाम्या पोटी दहा मिनिटं सावकाश, पोट फुगवत घेतलेला दीर्घ श्वास मात्र जरूर करा. झडपेभोवतीचा पडदा त्याने बळकट होतो.

## पायरी ८: उपवास आणि ऑक्टोबर

उपवास म्हणजे लंघन, पोटाला विश्रांती. आपला उपवास म्हणजे साबुदाणा, शेंगदाण्याचं कूट, तळलेले बटाटे, हिरवी मिरची आणि चहाच्या चार फेऱ्या.

संकष्टीचं वेगळं सांगायला हवं. चंद्रोदय रात्री नऊच्या आगेमागे, मग आरती, मोदक, साग्रसंगीत पान, आणि साडेदहाला डोळे मिटतात. हे पाळायचं असेल तर संध्याकाळी सहाला भगर किंवा राजगिऱ्याच्या लाह्या-दूध घ्या. चंद्रोदयाला नैवेद्याचा एक मोदक आणि दोन घास वरण-भात. उपवास सुटतो, रात्रही सुटते.

शरद ऋतूत, म्हणजे आश्विन-कार्तिकात, पित्ताचा प्रकोप होतो असं आयुर्वेद मानतो. ऑक्टोबरच्या उन्हात आपल्याला तो जाणवतोही. वर्षभर आटोक्यात असणाऱ्यांनी या दोन महिन्यांत दुसरी ते चौथी पायरी पुन्हा कडक करावी. कोजागरीला मध्यरात्री आटीव दूध प्यायचं तर प्या, पण पेल्याऐवजी दोन घोट. त्याच्या जोडीची भजी मात्र राहू द्या.

## पायरी ९: पदार्थ परत आणणं आणि गोळी कमी करणं

सलग दोन आठवडे बरे गेले की एक पदार्थ परत आणा, दुपारच्या जेवणात, थोडासा. तीन दिवस थांबा. वहीत जळजळ नसेल तर तो तुमच्यासाठी सुटला, मग पुढचा. टोमॅटो आणि कांदा एकाच दिवशी आणलेत तर दोषी कोण ते कळणार नाही.

पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल चालू असेल तर ती जेवल्यावर घेण्यात अर्थ नाही, नाश्त्याआधी अर्धा तास घ्यायची असते. कित्येकांना गोळी "लागू पडत नाही" ती एवढ्यामुळेच. बरं वाटलं म्हणून स्वतःहून एकदम बंदही करू नका. बरेच दिवस घेतलेली गोळी अचानक थांबवली की आम्ल काही आठवडे आधीपेक्षा जास्त तयार होतं, आणि पथ्य फसलं असं वाटतं. डॉक्टरांना विचारून टप्प्याटप्प्याने कमी करा, आणि ते दिवस दिवाळीत किंवा लग्नसराईत येऊ देऊ नका.

आठ आठवडे सगळं पाळूनही आठवड्यातून दोनदा जळजळ होत असेल तर पुढची तपासणी हवी. कदाचित एंडोस्कोपी, कदाचित जठरातल्या जंतूची चाचणी. जाताना वही न्या, चालू असलेली सगळी औषधं न्या, त्यात चूर्णांच्या डब्याही आल्या, आणि "पित्त आहे" असं सांगू नका. कुठे जळतं, किती वाजता, काय करत असताना, ते सांगा.